दहा आठवडे, वहिनींमार्फत

हॅम्बुर्ग शहरात मी नऊ वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्या धंद्यात एक गोष्ट रोज पाहायला मिळते. चार माणसं एका पेटीत हाताच्या अंतरावर उभी राहतात आणि एकमेकांशी एक अक्षर न बोलता चौदा मजले चढून जातात. जर्मन माणसाचा हात यात कुणी धरणार नाही, असं मी समजत होतो. पण या कलेतला खरा उस्ताद मला आमच्याच घरी भेटला, धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात, आणि तो निघाला माझा सख्खा थोरला भाऊ.

झालं असं की ऑक्टोबरअखेर माझं जुनं काम संपलं. नवं काम ऑस्ट्रियातल्या लिंझ नावाच्या गावी जानेवारीत सुरू होणार होतं. मध्ये दहा आठवडे रिकामे. बरोबरच्या लोकांनी स्पेन सुचवलं, थायलंड सुचवलं. मी मुंबईचं तिकीट काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, आरामाला चाललोय. खरं कारण वेगळं होतं. दादा चार वर्षं माझ्याशी बोलले नव्हते. दहा आठवड्यांत त्यांच्या तोंडून मला एकदा माझं नाव ऐकायचं होतं. प्रवासाचं प्रयोजन एवढंच. बाकी जे पाहिलं ते वाटेत लागलं म्हणून.

गाव

लोहाऱ्याच्या स्टँडवर दादा मोटारसायकल घेऊन उभे होते. मी वाकून पाया पडलो. दादांनी माझ्या डोक्यावरून पलीकडच्या रसवंतीकडं बघत किक मारली. मी मागं बसलो. मांडीवर बॅग, बॅगेवर हनुवटी. गावापर्यंत ते एकदाच बोलले, तेही रस्त्यात आडव्या उभ्या राहिलेल्या म्हशीशी.

"सरक की बाई! इमानातनं उतरलीस व्हय?"

म्हैस सरकली. विमानातनं कोण उतरलं होतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

गल्लीच्या तोंडाशी मला उतरवून दादा शेताकडं निघून गेले. आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं, माकणीच्या धरणाचं पाणी जिथून दिसतं त्या अंगाला. सरळ गल्ल्या, एका साच्यातून काढलेली घरं. आमचं घर निळं, एवढी खूण मला पुरेशी होती. निळ्या घरात शिरलो, बूट काढले, नळावर पाय धुतले आणि ओट्यावरच्या बाजेवर ऐसपैस आडवा झालो. आतून शांताकाकू आल्या, आमच्या शेजारीण, पिठाचे हात. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, पाणी दिलं, चहा टाकला. मला वाटलं, वहिनींना मदतीला आल्या असतील. प्रवास, हवा, जर्मनीतल्या भाज्यांचे भाव, सगळं विचारून झालं. कप रिकामा झाल्यावर मी म्हणालो, "वहिनी दिसत नाहीत?"

"त्या त्यांच्या घरी हायत की. फुडचं गुलाबी घर तुमचं. दोन सालाखाली तुज्या दादानं, भगवाननं, रंग दिला."

"आणि हे निळं?"

"निळा रंग आमी घेतला. आवडला मला पयल्यापसून."

"काकू, मग आल्या आल्या सांगायचं की!"

"सांगितलं असतं तर चा न पिता उठला असतास."

मी बॅग उचलून दहा पावलं चाललो, तोवर सायबानं स्वतःचं घर वळखलं न्हाय ही बातमी माझ्याआधी पोचली होती. वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "या भावजी," त्या म्हणाल्या, "चा तर झाला म्हनं."

दादांची पद्धत मला त्याच संध्याकाळी कळली. आम्ही दोघं पाटाला पाट लावून जेवायला बसलो. माझ्या ताटातली भाकरी संपत आली. दादा स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "इचार त्याला, भाकरी घ्यायचीय का?"

आतून वहिनी म्हणाल्या, "भावजी, भाकरी घेताव का?"

मी म्हणालो, "अर्धी."

वहिनी म्हणाल्या, "अर्धी म्हनत्यात."

दादांनी आपल्या हातानं टोपलीतली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली. सगळा व्यवहार वीतभर अंतरात.

"मी काय पोस्टातली हाय व्हय?" वहिनींनी तव्यावरून विचारलं. वहिनी घरात नसतील तर दादा गोठ्यातल्या म्हशीला निरोप देत. मी एकदा मदत करावी म्हणून म्हैस सोडली आणि ती थेट शेजारच्या हरभऱ्यात गेली. तिला ओढून आणताना दादा तिच्या कानाशी म्हणाले, "पाव्हन्यास्नी म्हनावं, तुमी आपली लिफ्ट सोडा, जनावरं आमी सोडताव."

हे सगळं मी आता हसत लिहितोय. तिथं दिवस फार लांब असायचे. सकाळी आठला घर रिकामं व्हायचं. तुरीची काढणी चाललेली, त्यामुळं गल्लीत दुपारी मी, दोन कुत्री आणि पिठाची गिरणी एवढेच हजर. बरोबरीचे सगळे पुण्याला. वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "कवा आलास?" आणि लगेच, "कवा चाललास?" मधल्या दिवसांचं कुणालाच काही विचारायचं नव्हतं. मी धरणाच्या पाण्याकडं जाऊन बसायचो. काठावर बगळे असायचे. हॅम्बुर्गच्या नदीकाठीही मी असाच बसायचो. तिथं निदान आपण परके असल्याचं समाधान असायचं.

घरात शिरताना खुंटीवर अण्णांची घोंगडी दिसायची. अण्णा म्हणजे आमचे वडील. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा मी आलो नव्हतो, आणि दादांचं बोलणं बंद झालं ते तेव्हापासून.

येरमाळा

डिसेंबर लागला तशी घरात येळवशीची बोलणी सुरू झाली. बाहेरच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात गाव ओस पडतं. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात, आम्ही येळवस. प्रत्येक घर आपापल्या शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभी करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि मग येईल त्याला जेवू घालायचं. त्याआधी एक फेरी असते. घरचा एक माणूस आंबिलीचं मडकं, म्हणजे बिंदगं, घेऊन पिकावर शिंपत पुढं चालतो आणि आरोळी देतो. घरचाच दुसरा मागून त्याला साथ देतो. आरोळीतले शब्द कानडीकडून आलेले. अर्थ आमच्या गावात कुणालाच येत नाही, पण पिकाला येतो असं सगळे मानतात.

वहिनी भाजी निवडताना मला म्हणाल्या, "अण्णा व्हते तवा अण्णा फुडं, ह्ये मागं. अण्णा गेल्यापसून ह्ये फुडं. मागं कुनाला घेत न्हायती."

"मग साथ कोण देतं?"

"सोताच वरडत्यात, सोताच साथ देत्यात. बांधावरची लोकं हसत्यात, भावजी. मला न्हाय बघवत."

हातातली मेथीची जुडी मी मुळापासून पार पाल्यापर्यंत मोडली होती. वहिनींनी ती काढून घेतली.

त्या संध्याकाळी दादा भिंतीकडं बघत म्हणाले, "फोनवर बोलावलं तर ताई येत न्हाय. कुनीतरी येरमाळ्याला जायला पायजे. आनि तसंच फुडं सोनारीला आत्याकडं." घरात रिकामं 'कुनीतरी' एकच होतं.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून बस बायकांची आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एक रिकामी सीट धरली. तेर येईपर्यंत ती एका आजींना, मग एका लेकुरवाळीला, मग सांधे दुखणाऱ्या एका काकूंना दिली. त्या काकू उतरताना सीट मला परत देतील अशी माझी समजूत. त्यांनी ती आपल्या जावेला दिली. येरमाळ्यापर्यंत मी उभा.

ताई माझ्याहून मोठी, दादांहून लहान. तिचं आणि दाजींचं हमरस्त्याला चहा-भज्यांचं हॉटेल आहे. येडेश्वरीला येणारी माणसं, ट्रकवाले, बसची वाट पाहणारे, अशी बाकड्यांवर कायम गर्दी. मला पाहून ताईनं कढईवरून नजर न काढता पहिला प्रश्न टाकला.

"दादा बोलला का?"

"म्हशीमार्फत."

"म्हंजे न्हाय."

दाजी मात्र खुशीत. त्यांनी गिऱ्हाइकांना माझी ओळख करून दिली आणि म्हणाले, "सांगा की पाव्हनं, ती पासपोर्टाची गंमत." आता मला कुणी सांग म्हटलं की मी थांबत नाही. ती गोष्ट मी हॅम्बुर्गात घोळवून घोळवून गुळगुळीत केलीय. वडील गेल्याचा फोन येतो. हे वाक्य मी एका दमात उरकतो. मी सांगतो, थांबा, उद्या दुपारपर्यंत पोचतो. खणातून पासपोर्ट उचलतो, चार तास रेल्वेनं जाऊन फ्रँकफुर्टचा विमानतळ गाठतो, काउंटरवरच्या बाईंच्या हातात पासपोर्ट देतो, आणि तो निघतो जुना. मुदत संपलेला, कोपरा कातरलेला. नवा घरी खणातच. बाई म्हणतात, साहेब, यावर तुम्हाला फार तर समोरच्या संडासापर्यंत जाता येईल.

बाकडी हसली. इथं माणसं हसतातच. एका ट्रकवाल्याला ठसका लागला.

"आनि फोन?" ताईनं झारा थांबवून विचारलं.

"फोनची बॅटरी संपलेली ना! आणि चार्जर कुठं, तर पासपोर्टाशेजारी, खणात."

पुन्हा हशा. ताई हसली नाही. तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि दाजींना म्हणाली, "कढई बगा. आमी देवीला जाऊन येताव."

पायऱ्या चढताना ती पुढं, मी मागं. माझा दम निघालेला. अर्ध्यावर एका कट्ट्याला टेकल्यावर ती म्हणाली, "दत्ता, तुला खरंच म्हाईत न्हाय व्हय, दादा कशावर रुसून बसलाय त्ये?"

"मी आलो नाही म्हणून."

खाली रस्त्यावर ट्रकांची रांग मुंग्यांसारखी चाललेली.

"येळवशीला मी येनार," ती म्हणाली. "पन बांधापतूर. दादानं तुला नावानं हाक मारली तरच बांध वलांडीन. न्हायतर तिथनंच माघारी. सांग वहिनीला."

"ते कशावर रुसलेत ते तरी सांग."

"त्येलाच इचार की. त्वांड हाय न्हवं तुला? समद्या जगाला गोष्टी सांगतोस."

देवीपुढं मी बराच वेळ हात जोडून उभा राहिलो. काय मागायचं ते सुचेना, म्हणून मागच्या माणसाला जागा दिली.

सोनारी

सोनारीचा काळभैरव जागृत आहे असं म्हणतात. त्याची वानरं त्याहून जागृत. देवळाच्या आवारात शंभर पावलांत दहा सूचना मिळतात: पिशवी लपवा, नारळ लपवा, वानराच्या डोळ्यात बघू नका. मी नारळ लपवला, आत्यासाठी आणलेलं जर्मन चॉकलेट शर्टाच्या आत घातलं, आणि सावध झालो या समाधानात एका वानराकडं बघून हसलो. त्यानं खांद्यावर हात ठेवून माझा चष्मा काढून घेतला. ओढला नाही, ओरबाडला नाही. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसारखा दोन्ही काड्या धरून अलगद काढला.

फूलवाली म्हणाली, "खायला द्या म्हंजे टाकतंय." मी चॉकलेट दिलं. त्यानं चॉकलेट खाल्लं, चांदीचा कागद टाकून दिला आणि चष्मा घेऊन शिखरावर गेला. तिथून त्याला बार्शी दिसत असेल. मला समोरची पायरी दिसत नव्हती.

अशा अवस्थेत चाचपडत मी गोदाआत्याच्या घरी पोचलो. अण्णांची ही थोरली बहीण. घरातली सगळी रानात गेलेली. आत्या अंगणात उन्हाला बसून सुपात तूर पाखडत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या डोळ्यांवर चष्मा नाही. दोघांनाही समोर एक माणूस आहे एवढंच कळत होतं.

"कोन? भगवान व्हय रं?"

दादांचं नाव. नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या मायेनं मला कुणी बऱ्याच दिवसांत हाक मारली नव्हती. ती दुसऱ्याच्या नावानं आली म्हणून परत पाठवायचा धीर झाला नाही.

"व्हय," मी म्हणालो.

"बस. लई वाळलास. त्यो आलाय न्हवं, जर्मनीवाला?"

"आलाय."

"बोललास त्येच्याशी?"

"न्हाय."

आत्यानं सूप खाली ठेवलं. "बोल बाबा. चार सालं झाली. न्हाय उचलला त्येनं फोन. भ्यालं आसंल. म्हनून काय जल्मभर?"

"बॅटरी संपली व्हती म्हनं त्येची," मी म्हणालो, दादांच्या आवाजात.

"आसं मला कामून सांगायलास? तूच म्हनलास की, रडत म्हनलास हितं बसून. आत्या, बॅटरी संपल्यावर रिंग वाजती का? सारकी वाजत व्हती, म्हनलास. न्हाय आला ह्येचा राग न्हाय. थांबू नगा एवढं म्हनला असता तर अण्णाला रात्रभर बर्फात ठिवला नसता. गल्लीत दोन दिस चूल न्हाय पेटली. आनि वर त्येच खोटं सांगून लोकास्नी हसवायलाय. कुनी त्यो व्हिडिओ गावात धाडला, तूच दावलास मला. मला काय दिसतंय? पन हसनं ऐकाय आलं."

तो व्हिडिओ मला माहीत होता. तिकडच्या मराठी मंडळींच्या दिवाळीतला. मी रंगात आलेला, समोर पन्नास माणसं. फोन वाजत होता हे त्यांना माहीत नव्हतं, दादांना होतं, आणि मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं: बंद पडलेला फोन वाजतो कसा? विजेवर पोट भरणारा माणूस मी.

आत्यानं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मूठभर बोरं दिली. येळवशीला तिच्यानं येववणार नव्हतं. मी पाया पडून निघालो. अंगणाच्या फाटकापाशी आलो तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"चष्म्याचं बघ बाबा, दत्त्या. न्हायतर बशीतनं उतरताना पडचील."

मी वळून पाहिलं. चष्मा नव्हता, त्यामुळं ती हसत होती की नाही ते सांगता येत नाही. तुरीचा आवाज मात्र पुन्हा सुरू झाला होता.

येळवस

परतीच्या तिकिटाला चार दिवस उरले असताना येळवस आली. सकाळी वहिनींनी टोपली भरली: सगळ्या भाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. नऊच्या सुमाराला गल्लीला कुलपं लागली. दादांनी अण्णांची घोंगडी खांद्यावर घेतली आणि बिंदगं डोक्यावर. मागं वहिनी, त्यांच्या मागं मी, खिरीचा डबा घेऊन. नवा चष्मा अजून लोहाऱ्याच्या दुकानात तयार होत होता. त्यामुळं शिवारातला जोंधळा, हरभरा, करडई मला एकाच हिरव्या सारवणासारखी दिसली. पाटाचं पाणीही त्याच रंगाचं दिसलं. डबा वर धरला, एवढंच श्रेय. मी गुडघ्यापर्यंत आत.

दादा पुढूनच म्हणाले, "सांग त्याला, पान्यात खीर नगं सांडू. मासे जेवून बसल्यात."

पूजा झाली. शेजारच्या रानांतून आरोळ्या ऐकू यायला लागल्या होत्या. कुठं बाप-लेक, कुठं दोन भाऊ. त्यातच ताई आणि दाजी आले. दाजी सरळ कोपीकडं चालू लागले. ताईनं त्यांचा सदरा मागून धरला. दोघं बांधावर उभी राहिली. वहिनींनी "आत या की" म्हटलं, तर ताईनं नुसती मान हलवली.

दादांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही. बिंदगं काखेत घेतलं, आंबिलीत कडुलिंबाची डहाळी बुडवली आणि चालू लागले. मी मागं निघालो. त्यांनी मला नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वहिनींमार्फत म्हणावं लागलं असतं, आणि त्या लांब होत्या.

जोंधळ्याच्या कडेनं दादांनी पहिली आरोळी दिली. मी तोंड उघडलं. शब्दच आठवेनात! नऊ वर्षांत जर्मन भाषेतली चौदा प्रकारची नियमावली पाठ केली आणि ही चार शब्दांची साथ पुसली गेली. दादा दोन पावलं पुढं गेले. मग त्यांनी आवाज थोडा उतरवून स्वतःच साथ दिली. पुढच्याचा आवाज वेगळा, मागच्याचा वेगळा. इतकी सवय झाली होती त्यांना.

पहिला कोपरा आला. मी म्हणालो, "दादा, फोन बंद नव्हता."

डहाळी बुडली, आंबील शिंपली गेली. आरोळी. साथ. तीही त्यांचीच.

"वाजत होता. मी फ्रँकफुर्टच्या स्टेशनात बाकावर बसलो होतो. फोन मांडीवर. तुमचं नाव येत होतं आणि मी बघत बसलो होतो."

दुसरा कोपरा. जोंधळ्याची पानं माझ्या ओल्या पँटला घासत होती. मी गोष्ट सांगणारा माणूस, पण पुढचं वाक्य कुठलंच घोळवलेलं नव्हतं.

"उचलला असता तर सांगावं लागलं असतं की मी चुकीचा पासपोर्ट आणलाय. अण्णा गेले त्या दिवशीही मी गाढवपणा केला हे तुम्हाला सांगायची लाज वाटली. थांबू नका एवढंच म्हणायचं होतं. ते नाही म्हणालो. मग बॅटरीचं खोटं बोललो. आणि लोक हसले म्हणून तेच सांगत सुटलो."

तिसऱ्या कोपऱ्यापाशी दादा थांबले. आरोळी दिली नाही. बिंदगं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. पाठ माझ्याकडं.

"किती येळा वाजला?"

आजूबाजूला वहिनी नव्हत्या, म्हैस नव्हती. प्रश्न मलाच होता.

"अकरा," मी म्हणालो. तो आकडा चार वर्षं माझ्याजवळ होता.

"बारा," दादा म्हणाले. "अण्णाला उचलायच्या टायमाला एकदा केलता. तुज्याकडं सकाळ आसंल. म्हनलं, निदान कानानं तरी जवळ राहील."

बाराव्याला मी झोपलो होतो. हे मी त्यांना सांगितलं. खोटं सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. दादांनी घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं. आंबील उडाली असेल. मग वळून, पहिल्यांदा, माझ्याकडं पाहिलं. मला त्यांचा चेहरा धूसरच दिसला. त्या वानराला मी कधी माफ करणार नाही.

"व्हलगे म्हन," ते म्हणाले. "व्हलगे, व्हलगे. मंग सालम पलगे. बोंबलून म्हन, पिकाला ऐकाय गेलं पायजे."

त्यांनी आरोळी दिली. मी साथ दिली, उलटी दिली, पुढचे शब्द आधी. शेजारच्या रानातून कुणीतरी हसलं. दादांनी पुन्हा दिली. चौथ्या कोपऱ्यापर्यंत मला जमू लागलं होतं. आवाज मात्र नऊ वर्षं लिफ्टमध्ये दबून राहिलेल्या माणसाचा, पार फाटलेला.

कोपीपाशी आलो. दादांनी बिंदगं ठेवलं आणि बांधाकडं बघत, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दत्त्या, ताईला आत बोलव. भज्जी गार व्हायलीय."

ताईनं बांध ओलांडला. दाजींचा सदरा तिनं तेव्हा कुठं सोडला.

जेवताना मी भज्जी तीनदा घेतली. दादा जास्त काही बोलले नाहीत. जोंधळा बरा आलाय म्हणाले, नव्या कामाच्या गावाला थंडी लई असती का विचारलं, मी असते म्हणालो. चार दिवसांनी त्यांनीच लोहाऱ्याच्या स्टँडवर सोडलं. बस सुटेपर्यंत ते थांबले आणि बस सुटली तशी किक मारून गेले. मागं वळून पाहिलं असेल तर मला दिसलं नाही. नवा चष्मा घातला होता, पण तेवढ्यापुरता तोही उपयोगाचा राहिला नाही.

लिंझ

इथं माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे. खाली नदी, नदीवर धुकं. लिफ्टमधले शेजारी मान लववतात आणि आकड्यांकडं बघत उभे राहतात. पासपोर्टाची गोष्ट मी इथं अजून कुणाला सांगितलेली नाही. त्यामुळं माझ्याशी बोलायला कुणाला फारसं कारणही नाही.

रविवारी दुपारी फोन वाजतो. नाव वहिनींचं असतं. मी पहिल्या रिंगला उचलतो. वहिनी हवा विचारतात, म्हशीचं सांगतात. मग त्यांच्या मागून, चुलीच्या अंतरावरून, दुसरा आवाज येतो.

"इचार त्याला, जेवला का?"

"भावजी, जेवलाव का?"

परवा मी नेहमीसारखं, जेवलो, म्हणणार होतो. गॅस पेटवलेला नव्हता, सकाळपासून कॉफीवर होतो.

"सांगा," मी म्हणालो, "अजून न्हाय."

मग वहिनींच्या हातातून फोन काढून घेतल्याचा खरखराट झाला.

"दत्त्या," दादा म्हणाले, "फोन ठिव आनि आधी जेव."

मी फोन ठेवला, तांदूळ धुतले आणि भात लावला.